खात नाही, घोटतो

माझा थोरला भाऊ सिंदी रेल्वे या गावातल्या एका जिनिंगमध्ये कापसाचा ग्रेडर होता. गाडीतला कापूस चिमटीत धरायचा, दोन्ही हातांच्या बोटांनी हळूहळू ओढायचा, धागा किती लांब निघतो ते पाहायचं आणि गाडीवाल्याचा चेहरा उतरेल अशी प्रत सांगायची, हे त्याचं काम. उरलेल्या वेळात तो खर्रा घोटत असे. सीझन संपला की उरलेला वेळच जास्त.

ज्यांना खर्रा माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. कातरलेली सुपारी, तंबाखू आणि चुना पानठेलेवाला प्लॅस्टिकच्या तुकड्यात बांधून देतो. त्या तुकड्याला इकडे पन्नी म्हणतात. ती पन्नी तळहातावर धरून दुसऱ्या हाताने रगडत बसायचं. चुना सुपारीत मुरेपर्यंत, सुपारी ओलसर होईपर्यंत. याला घोटणं म्हणतात. घोटायला बराच वेळ लागतो. खाणं त्या मानाने लवकर आटोपतं. या मालाच्या विक्रीवर बंदी आहे असं मी वाचून आहे. जे वाचतात त्यांच्यापुरती ती पाळली जाते.

घोटण्याच्या त्या वेळात आमच्याकडची माणसं पुष्कळ गोष्टी उरकून घेतात. शेजाऱ्याशी भांडण झालं, पोरीचं लग्न मोडलं, निवडणुकीत आपला माणूस पडला, की कोणी बोलून दाखवत नाही. ठेल्यावर जाऊन पन्नी घेतात. आमचे वडील गेले तेव्हा भाऊ रडला नाही. अंगणात जाऊन घोटत उभा राहिला. गावातली माणसं आली, त्याच्याभोवती उभी राहिली, सांत्वनाचं एक अक्षर कोणी काढलं नाही. घोटून झाल्यावर एकेकाने हात पुढे केला आणि भावाने एकेकाला चिमूट दिली. मी आत बसून पेपरात द्यायच्या निधनवार्तेतल्या ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका दुरुस्त करत होतो. मी कॉलेजच्या ग्रंथालयात नोकरी केली. मन ठिकाणावर नसलं की मला अशुद्ध मजकूर लागतो, आणि आपल्याकडे त्याचा तुटवडा कधी पडत नाही.

बाहेरगावचे पाहुणे मनःशांतीसाठी सेवाग्रामला येतात. आश्रमात झाडाखाली डोळे मिटून बसतात, उठल्यावर फोटो बरोबर आला का ते पाहतात आणि आम्हाला म्हणतात, तुम्ही किती भाग्यवान, रोज येत असाल. आम्ही पाहुणे आले तरच जातो. रोज जायला पानठेला आहे.

निवृत्तीनंतर भाऊ वर्ध्याला आला. घर एकच, तो आणि वहिनी खाली, मी वर. मागच्या उन्हाळ्यात त्याला तिखट सोसेना. म्हणजे फार लागायला लागलं. वांग्याच्या भाजीचा घास घेतला की डोळ्यांत पाणी. वहिनीने भाजीतलं तिखट कमी केलं, मग बंद केलं, मग एक दिवस त्याला दवाखान्यात नेलं. सोबत मी.

तिथल्या मोठ्या डॉक्टरांनी तोंड उघडायला सांगितलं. भावाने उघडलं.

"अजून उघडा."

"एवढंच उघडते, साहेब."

"बोटं घाला आत. उभी."

दोन बोटं गेली, तिसरं जाईना. डॉक्टरांनी गालाच्या आतला पांढरा चट्टा आम्हाला दाखवला. आज हा कॅन्सर नाही, ते म्हणाले, पण खर्रा चालू राहिला तर होईल. बोलण्यात कसलाही आविर्भाव नव्हता. पावसाचा अंदाज सांगावा तसं सांगितलं. म्हणूनच बहुधा भावाला ते पटलं.

त्या दिवसापासून त्याने खर्रा तोंडात टाकला नाही. तोंडाचा प्रश्न त्याने असा एका फटक्यात सोडवला. हातांचा राहिला.

पहिले काही दिवस तो घरभर फिरून काहीतरी चोळत असे. पडद्याची कड, पेपराचा कोपरा, स्वतःच्या कानाची पाळी. एकदा दुपारी वहिनीच्या उशीतून कापूस काढून ओढत बसला. धागा आखूड निघाला. उशीवाल्याने फसवलं असा निकाल त्याने दिला, आणि मग घरातल्या सगळ्या उशा तपासून झाल्या.  वहिनीने आष्टीला तिच्या बहिणीला फोन लावला.

हा फोन म्हणजे वहिनीचं औषध. तिला काळजी वाटली, राग आला, अपमान झाला की ती बहिणीला फोन करते आणि दोघी ज्या गोष्टीसाठी फोन केला तिच्याबद्दल एक शब्द न काढता, कोणी काय रांधलं ते एकमेकींना सांगतात. काय भाजी केली, फोडणीत काय टाकलं, कोणी खाल्ली, कोणी ताटात ठेवली. सांगून झालं की वहिनीचा आवाज जागेवर येतो. इतकी वर्षं मला ते बावळटपणाचं वाटत होतं.

मग भावाला तोडगा सापडला. ठेल्यावर रोज येणारे एक रिटायर गुरुजी आहेत. त्यांनी एकदा पन्नी त्याच्यापुढे धरली. "काकाजी, तुमी खात नाई, मान्य. पन जराक घोटून तं द्या. माह्या हातानं सुपारी कच्ची राह्यते."

भावाने घोटून दिली. गुरुजींनी चिमूट तोंडात टाकली, डोळे मिटले आणि मान हलवली. कापसाची गाडी पास झाल्यावर गाडीवाला हलवी तशी.

महिन्याभरात भाऊ त्या ठेल्यावरचा घोटणारा झाला. लोक पन्नी घेऊन त्याची वाट पाहत उभे राहत. त्याचं म्हणणं सरळ होतं: खात नाही, घोटतो. ठेल्याची एक जुनी रीत आहे, घोटणाऱ्याचा मान पहिला. पन्नी उघडली की पहिली चिमूट त्याची. भाऊ पन्नी उघडून मालकापुढे धरायचा आणि स्वतः रस्त्याकडे पाहायचा. लोकांना हे फार मोठं वाटे. माझ्या मते त्याच्यामुळे ठेल्यावरचं खाणं वाढलं होतं, पण मला विचारतो कोण.

घरी रोज तपासणी होई.

"हात दाखवा," वहिनी म्हणायची.

"काऊन?"

"दाखवा म्हनलं तं दाखवा." ती बोटांचा वास घ्यायची. "तमाकू."

"खाल्ला नाई. घोटला."

"कोनासाठी?"

"गुरुजीसाठी."

"काऊन, गुरुजीचे हात मोडले काय?"

"त्याईचं घोटनं कच्चं राह्यते."

"मंग त्याईच्या घरचं धुनं बी कच्चं राह्यत असन. जा, धुऊन द्या."

पुढच्या तपासणीला मोठे डॉक्टर येण्याआधी एका शिकाऊ डॉक्टर मुलीने माहिती लिहून घेतली. मुलगी कोल्हापूरकडची, गोड बोलणारी. आम्ही तिघेही तिच्यासमोर बसलो होतो, तरी जे घडलं ते आमच्या लक्षात आलं नाही.

"काका, बंद केलंत ना?"

"खानं बंद. घोटतो फक्त."

तिचं पेन थांबलं. "घोटता? किती वेळा?"

"दिवसातून चार-पाच डाव. कोनी आग्रह केला तं जास्त."

"एकटेच, की मित्रांबरोबर?"

"एकटा काऊन घोटीन? ठेल्यावर. सारे मिळून."

"आणि नाही घेतलं तर त्रास होतो?"

"हात थरथरते," भाऊ प्रामाणिकपणे म्हणाला. "सकायी तं लयच."

तिने वहिनीकडे अतिशय सहानुभूतीने पाहिलं आणि बरंच काही लिहिलं. मग आम्हाला समुपदेशनाच्या खोलीत पाठवण्यात आलं. तिथल्या बाईंनी कागद वाचून भावाला विचारलं, "दारू कधीपासून घेता?"

वहिनी खुर्चीतून उठलीच. "दारू? हे दारू पेते?" आणि वाईट वाटतं सांगायला, पण क्षणभर तिने भावाकडे संशयाने पाहिलं. भाऊ माझ्याकडे पाहत होता, मी कागदाकडे. मग माझ्या डोक्यात प्रकाश पडला. घोट हे नाम आणि घोटणे हे क्रियापद, दोन्हींचा एकमेकांशी संबंध नाही, हे मी त्या बाईंना समजावून सांगितलं. हाताने करूनही दाखवलं. इतकी वर्षं शब्दकोश कपाटात लावून ठेवले, त्यांचा कोणाला प्रत्यक्ष उपयोग झाल्याचा हा एकच प्रसंग मला आठवतो.

बाई हसल्या. चांगल्या होत्या. आता आलाच आहात तर बसा, म्हणाल्या. त्यांनी भावाला डोळे मिटायला लावले, श्वास मोजायला लावले, आणि समुद्रकिनारा डोळ्यांसमोर आणायला सांगितला. लाटा येतायत, जातायत.

नंतर वऱ्हांड्यात मी विचारलं, "दिसला काय समुद्र?"

"समुद्र कुठून दिसन? बोरच्या धरनावर जाऊन आलो," भाऊ म्हणाला. "पानी कमी हाय यंदा."

बाईंनी त्याला दाबण्यासाठी एक स्पंजचा चेंडू दिला होता. मन अस्वस्थ झालं की दाबायचा. भावाने तो दाबला नाही, तळहातावर धरून घोटला. थोड्याच दिवसांत त्याचा भुगा झाला. अगदी बारीक आणि एकसारखा. गुरुजींनी पाहिला असता तर मान हलवली असती.

हिवाळ्यात एका मंडळाने व्यसनमुक्ती संकल्प सोहळा ठेवला. खर्रा सोडलेल्या नागरिकांचा सत्कार होता आणि त्यात भावाचं नाव होतं. तो जायला तयार नव्हता. वहिनीने इस्त्रीचा शर्ट काढून ठेवला, म्हणून गेला. स्टेजमागच्या भल्यामोठ्या फ्लेक्सवर 'व्यसनमूक्ती' असं छापलेलं होतं, मू दीर्घ. त्यामुळे मला कार्यक्रमभर बरं वाटलं. प्रमुख पाहुणे उशिरा येणार होते तसे आले. त्यांच्या स्वागताची, स्वागत करणाऱ्यांच्या स्वागताची आणि दीप लावण्याची गडबड चालू असताना पाहुण्यांचा ड्रायव्हर वाकून स्टेजच्या मागच्या रांगेत आला, जिथे सत्कारमूर्ती बसले होते.

"काकाजी," तो भावाला हळूच म्हणाला, "तुमीच ते घोटनारे ना? साहेबाचा हाय. जराक बारीक घोटजा. भाषनाच्या आंधी पायजे."

भावाने पन्नी घेतली. खांद्यावरचं उपरणं मांडीवर ओढलं आणि त्याखाली घोटायला सुरुवात केली. मी समोरच्या रांगेतून पाहत होतो. स्टेजवर बसल्यापासून गुदमरल्यासारखा दिसणारा माझा भाऊ त्या क्षणापासून सैल झाला. इतका, की त्याच्या हाताला आराम मिळतोय म्हणून मलाही बरं वाटलं.

पाहुणे पडद्यामागे जाऊन आले ते एक गाल फुगवून. बोलायला तोंडात जागा कमी होती म्हणून भाषण आटोपशीर झालं. खर्र्याने केलेली एवढी एकच समाजसेवा माझ्या पाहण्यात आहे. त्यांनी भावाला शाल आणि श्रीफळ दिलं; देताना त्याचा हात दोन्ही हातांत धरून खूप वेळ हलवला.

परत येताना मी म्हटलं, "लाज नाई वाटली तुले?"

"कशाची? मी खाल्ला काय?"

 नियमाच्या बाजूने तो बरोबर होता.

त्यानंतरच्या तपासणीत मोठे डॉक्टर चट्ट्याकडे नेहमीपेक्षा जास्त वेळ पाहत राहिले. एक कड त्यांना आवडली नाही. त्यांनी तिथला लहानसा तुकडा काढून तपासायला पाठवला. कॅन्सर झाला आहे की नाही ते आता रिपोर्टमध्ये कळणार होतं.

रिपोर्टच्या दिवशी आम्ही तिघं सकाळीच जाऊन बसलो. वऱ्हांड्यात बाकं, बाकांवर माणसं, आणि भिंतीवर सूचना. सूचनांतल्या चुका मी लवकरच संपवल्या. वहिनीने फोन लावला.

"काय करून राह्यली?" तिने विचारलं. मग थोडा वेळ ऐकलं. पलीकडून नेहमीचा प्रश्न आला असावा, कारण वहिनी म्हणाली, "मी? मी काईच नाई केलं आज. चूलच नाई पेटवली."

 मग पलीकडची बाई बोलायला लागली. मला तिचा आवाज अर्धवट ऐकू येत होता. तिने पातोडीच्या रश्शापासून सुरुवात केली. बेसन कसं घोळलं, कढीपत्ता शेजारणीकडून आणला, रस्सा जरा पातळ झाला, भात मोकळा झाला, नातवाने वाटी उपडी केली. एवढ्या सकाळी तिचा एवढा स्वयंपाक झालेला असणं शक्यच नव्हतं. वहिनी डोळे पुसत "हो... मंग... हो" करत राहिली.

भावाला ते ऐकवेना. "च्या घेऊन येतो," म्हणून तो उठला. मी त्याच्यामागे गेलो.

दाराबाहेर पायरीवर एक माणूस बसला होता. चाळिशीचा असेल. हातात बांधलेली पन्नी, पण घोटत नव्हता. बोटं पन्नीवर ठरतच नव्हती. भाऊ त्याच्याजवळ थांबला, शेजारी बसला आणि काही न विचारता हात पुढे केला. त्या माणसानेही काही न विचारता पन्नी दिली.

भाऊ घोटायला लागला तसा तो माणूस बोलायला लागला. बायकोला आत ऑपरेशनला नेलं होतं. किती वेळ लागेल ते कोणी सांगत नव्हतं. घरी म्हैस बांधलेली, शेजाऱ्याला सांगून आलो, पण शेजारी विसराळू. भाऊ मधूनमधून "हाव" म्हणत होता. घोटून झालं. त्याने पन्नी उघडून पुढे धरली.

"घ्या ना काकाजी. पयले तुमचा मान."

"नाई. खात नाई मी."

माणसाने चिमूट घेतली. तेवढ्यात आतून शिपायाने भावाचं नाव पुकारलं.

भावाने दाराकडे मान वळवली. तो दाराकडेच पाहत होता, उठायच्या बेतात होता, आणि त्याच वेळी त्याचा उजवा हात पन्नीत गेला, चिमूट उचलली आणि सराईतपणे गालात सोडली. मी हे समोर उभं राहून पाहिलं. भावाचा चेहरा तसाच होता. नाव ऐकणाऱ्या माणसाचा. त्याला पत्ताच नव्हता.

तुकडा काढला होता ती जखम अजून ओली होती. चुना तिथे लागला. भाऊ एकदम वाकला, थुंकला, नळाकडे धावला. चूळ भरली, पुन्हा भरली. तोंड पुरतं उघडत नव्हतं म्हणून बोट घालून गाल पुसून काढला. बराच वेळ नळ चालू होता. आतून दुसऱ्यांदा नाव पुकारलं गेलं.

"मी नाई टाकला," तो मला म्हणाला.

"मी पाह्यलं ना."

"तू काय पाह्यलं? मी नाई टाकला." त्याने ओला हात माझ्यासमोर धरला. "यानं टाकला."

तो थट्टा करत नव्हता. घाबरला होता. रिपोर्टला घाबरला नव्हता इतका.

आत डॉक्टरांनी कागद वाचला आणि कॅन्सर नाही असं सांगितलं. मात्र चट्ट्यातल्या पेशी बदलू लागल्या आहेत. तपासणीला येत राहायचं, आणि तंबाखूचा कण तोंडात जाता कामा नये. वहिनीने भिंतीला डोकं टेकवलं.

"बंद आहे ना पूर्ण?" डॉक्टरांनी सवयीने विचारलं.

भाऊ हो म्हणू शकला असता. आम्ही दोघांनी त्याची बाजू घेतली असती. वहिनीने माहीत नसल्यामुळे, मी माहीत असून.

"आत्ताच टाकला होता, साहेब," तो म्हणाला. "बाहीर. थुकलो. पन टाकला होता."

वहिनीने भिंतीवरून डोकं उचललं. डॉक्टरांनी चष्मा काढला. सगळी हकिगत भावाने सांगितली, घोटण्यासकट. या डॉक्टरांना शब्दार्थ सांगावा लागला नाही, ते इकडचेच. ते एवढंच म्हणाले, "मग घोटणं पण बंद करा."

"मंग हाताचं काय करू?" भावाने विचारलं.

हा प्रश्न त्याने मनापासून विचारला होता. डॉक्टरांनी थोडा विचार केला आणि पुढच्या पेशंटला आत बोलावलं. मला त्यांचा राग आला नाही. वाचलेल्या पुस्तकांमधून मलाही काही सुचत नव्हतं.

 घरी आल्यावर वहिनीने भाताचं आधण ठेवलं आणि भावाला म्हणाली, "बसा इथंच. मले दिसाले पायजे तुमी."

आता भाऊ हात पँटच्या खिशात घालून फिरतो. आमच्याकडे या वयाचा माणूस असा हिंडत नाही. सत्कार झाल्यापासून काकाजीला ऐट आली, असं ठेल्यावर बोललं जातं. ठेल्यावर जाणं त्याने सोडलेलं नाही. गुरुजींनी परवा पुन्हा पन्नी पुढे केली.

"हात मोकळे नाई, गुरुजी."

"काऊन, खिशात कोंबडी दाबली काय?"

"हाव."

सगळे हसले. भाऊही हसला, जेवढं तोंड उघडतं तेवढं. गुरुजी स्वतःच घोटायला लागले, कच्चं. भाऊ ते पाहत उभा राहिला. खिशाच्या आत कापड हलत होतं.

या हलण्याने खिशांचं अस्तर टिकत नाही. वहिनीने आधी ते दोन-तीनदा शिवून पाहिलं. मग सगळ्या पँटांना तिने मांजरपाटाचं अस्तर लावून दिलं, दुहेरी. हातांचा वास घेणं तिने थांबवलं आहे. पँट धुवायला घेतली की खिसे उलटे करते, बोटाने अस्तर चाचपते, आणि कुठे झिजलंय ते पाहून ठेवते.